९५ मिलिवॉटचं केंद्र आणि एका घरघरीचा तपास

आजोबांचा रेडिओ साताऱ्याहून आमच्या घरी, न्यू जर्सीतल्या एडिसनला आला तो आईच्या दोन जुन्या गोधड्यांत गुंडाळून. लाकडी डबा, पुढे सोनेरी धाग्याचं कापड, काचेच्या पट्टीवर मीटरचे आकडे आणि आत पाच व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्या: ईसीएच८१, ईएफ८९, ईबीसी८१, ईएल८४ आणि ईझेड८०. विमानाच्या पोटातून येऊनही एक काच तडकली नव्हती. मी त्यातले कागदी कपॅसिटर बदलले, इथल्या १२० व्होल्टचे २४० करून देणारा ट्रान्सफॉर्मर आणला आणि बटण फिरवलं. अर्ध्या मिनिटाने रेडिओ बोलायला लागला. न्यूयॉर्कची केंद्रं धडाधड लागत गेली. बातम्या, वाहतुकीचा खोळंबा, बेसबॉल, परत वाहतुकीचा खोळंबा.

आईने पाच-दहा मिनिटं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अरे, रेडिओ आपला आणि बोलतोय भलतंच."

तिला पुणे केंद्र हवं होतं. ७९२ किलोहर्ट्झ, सकाळी ७.०५ च्या प्रादेशिक बातम्या. आकाशवाणीच्या ॲपवर पुणे केंद्र जगात कुठेही ऐकता येतं, हे मी तिला दाखवलं. पुण्यातले सकाळचे ७.०५ म्हणजे उन्हाळ्यात आमचे आदल्या रात्रीचे ९.३५, तेव्हा जेवणं आटोपून निवांत ऐकताही येईल. तिचं उत्तर तयार होतं: "फोनवर नको. मध्येच कुणाचा तरी फोन येतो."

म्हणजे फोनवर येणारं पुणे केंद्र आजोबांच्या रेडिओत घालायचं. स्पीकरला तार जोडून हे काम पाच मिनिटांत झालं असतं, पण मग तो रेडिओ कसला, स्पीकरचा लाकडी डबाच. काटा फिरवला की केंद्र लागलं पाहिजे. त्यासाठी घरातच एक छोटं मध्यम लहरींचं प्रक्षेपक केंद्र हवं, आणि रेडिओ व्हॉल्व्हचा असल्यावर प्रक्षेपकही व्हॉल्व्हचाच करायचा, अशी हौस मला आली. पुढे ज्या घरघरीने मला सात आठवडे छळलं तिचा दोष या हौसेला देता येणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आईचा पहिला प्रश्न परवान्याचा होता. तिच्या लहानपणी रेडिओ नुसता ऐकायलाही परवाना लागायचा आणि त्याचे पैसे पोस्टात भरावे लागायचे. "तेव्हा ऐकायला परवाना लागायचा, तू तर बोलणार आहेस. उषा मेहतांच्या वेळी आले तसे पोलीस यायचे दारात." १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत चालवलेला गुप्त काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरवर लागायचा आणि १२ नोव्हेंबरला पोलिसांनी धाड घालून तो बंद पाडला, हे तिला शाळेपासून पाठ आहे.

प्रश्न रास्त होता. अमेरिकेत दूरसंचार आयोगाच्या म्हणजे एफसीसीच्या नियमांत भाग १५ म्हणून एक प्रकरण आहे. विनापरवाना कमी शक्तीच्या उपकरणांना वाव देणाऱ्या या नियमांचं मूळ १९३८ पर्यंत जातं. ५१० ते १७०५ किलोहर्ट्झमध्ये प्रक्षेपण करायचं असेल तर शेवटच्या टप्प्याला दिलेली एकूण शक्ती, हीटरची (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेची) सोडून, १०० मिलिवॉटच्या वर जाता कामा नये. अँटेना, तिला जोडणारी तार आणि जमिनीची तार, तिन्ही मिळून ३ मीटरच्या आत. दुसऱ्या कुणाच्या केंद्राला त्रास द्यायचा नाही आणि दुसऱ्याचा त्रास झाला तर मुकाट्याने सोसायचा. स्वतःपुरती, विकायची नसलेली आणि तयार किटमधून न जुळवलेली अशी पाचपर्यंत उपकरणं घरी करायला वेगळी मंजुरी लागत नाही.

भारतात मध्यम लहरींवर अशी सोय नाही. १९३३ च्या वायरलेस कायद्यापासून २०२३ च्या नव्या दूरसंचार कायद्यापर्यंत, परवान्याशिवाय प्रक्षेपक चालवणं हा गुन्हाच आहे. हौशी रेडिओचा, म्हणजे हॅमचा, परवाना असला तरी त्यावर गाणी-बातम्या लावता येत नाहीत. माझ्या साताऱ्याच्या मामाने फोटो पाहून लगेच सर्किटचा नकाशा मागितला होता. त्याला मी हेच सांगितलं, आणि तो अजून थोडा फुगलेला आहे.

एक व्हॉल्व्ह, ४५ व्होल्ट

अमेरिकेत १९४०-५० च्या दशकांत ग्रामोफोनची तबकडी घरातल्या रेडिओवर ऐकण्यासाठी एका व्हॉल्व्हचे छोटे प्रक्षेपक मिळायचे. त्यांतले बरेच पेंटाग्रिड जातीच्या व्हॉल्व्हवर चालायचे. पाच जाळ्यांच्या या व्हॉल्व्हचं मूळ काम रेडिओच्या आत वारंवारता बदलून देण्याचं. एकच व्हॉल्व्ह दोन कामं करतो: पहिलं जाळं, पडदा-जाळं आणि कॅथोड (तापल्यावर इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) मिळून कंपनं निर्माण करतात, तिसऱ्या जाळ्यावर आवाज दिला की ती कंपनं आवाजाच्या तालावर लहान-मोठी होतात. ॲम्प्लिट्यूड मॉड्युलेशन म्हणजे एवढंच. मी ६बीई६ घेतला. अंगठ्याएवढा, सात पायांचा, आणि इथल्या जुन्या सामानाच्या बाजारात चण्या-फुटाण्याच्या भावात मिळणारा.

त्या जुन्या प्रक्षेपकांच्या दोन गोष्टी मी उचलल्या नाहीत. एक, त्यांतल्या अनेकांत ट्रान्सफॉर्मरच नसायचा. घरची वीज थेट आत घेतलेली, त्यामुळे प्लग उलटा बसला की चॅसीवर, म्हणजे धातूच्या बैठकीवर, १२० व्होल्ट. हात लावून खात्री करावी अशी ही गोष्ट नाही. दुसरी शक्तीची. ६बीई६ला प्लेटवर (इलेक्ट्रॉन गोळा करणाऱ्या भागावर) आणि पडदा-जाळ्यावर १०० व्होल्ट दिले तर तक्त्याप्रमाणे प्लेटमधून २.६ आणि पडद्यातून सुमारे ७ मिलिअँपिअर जातात. एकूण जवळपास १ वॉट. म्हणजे मर्यादेच्या दहापट. प्लेटचीच शक्ती धरून पडदा सोडून देणारे लोक असतात, पण नियमात एकूण शक्ती म्हटलंय आणि सूट फक्त हीटरला दिलीय. मी पडदाही मोजला.

म्हणून व्होल्टेज ४५ वर आणलं. जुन्या लोकांना हा आकडा ओळखीचा वाटेल, कारण बॅटरीवरच्या व्हॉल्व्ह रेडिओंसाठी ४५ व्होल्टची वेगळी बॅटरीच मिळायची. ३६ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, चार डायोड, दोन कपॅसिटर, मध्ये एक रेझिस्टर, इतकं पुरलं. हीटरला ६.३ व्होल्टचा वेगळा ट्रान्सफॉर्मर. तीन पिनांचा प्लग, चॅसी अर्थिंगला पक्की. परतीच्या तारेत १०० ओहमचा रेझिस्टर घालून त्यावर मीटर लावला: ०.२१ व्होल्ट. म्हणजे २.१ मिलिअँपिअर, गुणिले ४५, सुमारे ९५ मिलिवॉट. गंमत अशी की हे ९५ मिलिवॉट मिळवायला हीटर १८९० मिलिवॉट खातो. वीसपट. व्हॉल्व्हचा नाद करणाऱ्याने विजेच्या बिलाच्या गोष्टी करू नयेत.

कॉइल मी एक इंच व्यासाच्या पीव्हीसी नळीवर गुंडाळली. बारीक एनॅमलच्या तारेचे ६० वेढे, सुमारे ८० मायक्रोहेन्री. कॅथोडसाठी जमिनीकडून सहाव्या वेढ्यावर फाटा काढला. जुन्या नकाशात साधारण दहावा हिस्सा दिलेला असतो, तसाच. चालू केलं. व्हॉल्व्ह तापला, तांबूस उजेड आला, रेडिओवर शुकशुकाट. तासभर मी जोडण्या तपासल्या. जोडण्या बरोबर होत्या, १५० व्होल्टसाठीचा फाटा ४५ व्होल्टला पुरत नव्हता. व्होल्टेज उतरलं की व्हॉल्व्हचा जोर उतरतो, आणि कंपनं टिकायला परत जास्त हिस्सा द्यावा लागतो. तारेवरचं एनॅमल पात्याने खरवडून आठव्या वेढ्यावर फाटा नेला. नाही. अकराव्यावर नेला, आणि रेडिओत १९० मीटरवर एकदम तो मखमली सन्नाटा पसरला. रेडिओवाल्यांना तो आवाज माहीत आहे: खरखर अचानक दबते, जणू कुणी खोलीत येऊन उभं राहिलंय आणि अजून बोललेलं नाही.

१९० मीटर म्हणजे १५८० किलोहर्ट्झ. दिवसा माझ्या घरी तिथे काही लागत नव्हतं.

फोनचा आवाज तिसऱ्या जाळ्याला द्यायला काही व्होल्ट लागतात, फोन तेवढे देत नाही. आवाजासाठी आणखी एक व्हॉल्व्ह घालता आला असता. मी ट्रान्झिस्टर रेडिओतला स्पीकरचा छोटा ट्रान्सफॉर्मर उलटा जोडला, ८ ओहमची बाजू फोनकडे आणि १००० ओहमची जाळ्याकडे. आवाज अकरापट वाढला, वर फोन आणि चॅसी एकमेकांपासून सुटे राहिले. जाळ्याला ऋण ३ व्होल्ट लागत होते, ते दोन पेन्सिल सेलांनी दिले. त्यातून प्रवाह जवळपास जातच नाही, त्यामुळे सेल गळेपर्यंत टिकतील. आणि आईच्या अटीप्रमाणे फोन जुना घेतला, सिमकार्ड काढलेला.

अँटेनाबद्दल थोडं थांबून सांगावं लागेल, कारण पुढच्या तपासाचं मूळ तिथे आहे. १९० मीटर लांबीच्या लहरीला पाव लांबीची उभी अँटेना हवी, म्हणजे ४७ मीटर. आपल्याला नियमाने मिळतात ३. इतक्या आखूड तारेचा प्रक्षेपण-रोध सुमारे ०.१ ओहम येतो, आणि तिला सुरात आणणारी कॉइल व जमीन मिळून वाया जाणारा रोध सहज २५-३० ओहम. म्हणजे तारेला पोचलेल्या शक्तीतला हजारातला तीन-चार भाग हवेत जातो, बाकी सगळी कॉइल गरम करण्याच्या कामी. ती गरमही होत नाही, इतकं ते थोडं असतं. पण अशा अँटेनाला दुसरी बाजू लागते. एका टोकाने प्रवाह वर चढतो, तेवढाच कुठून तरी परत यावा लागतो. चांगली जमीन दिली नाही तर तो आपली वाट आपण शोधतो. हे मला पुस्तकातून माहीत होतं. माहीत असणं आणि ऐन वेळी आठवणं यांत सात आठवड्यांचं अंतर निघालं.

घरघर

पहिल्या रात्री ९.३५ ला पुणे केंद्र लागलं. आई पदर सावरून बसली होती. निवेदिकेचा आवाज आला आणि त्याच्या खाली एक जाड, सलग घरघर. पिठाची गिरणी दोन घरं पलीकडे चालू असावी तशी. काटा १५८० वरून हलवला की घरघर गायब. दुसऱ्या कुठल्याही केंद्रावर नाही. फक्त माझ्या केंद्रावर.

"गिरणीत बसून बातम्या वाचतायत," आई म्हणाली.

घरघर १२० हर्ट्झची होती, फोनवरच्या ॲपमध्ये स्पष्ट दिसली. इथली वीज ६० हर्ट्झची, ती एका दिशेची करणाऱ्या पूर्ण-लहर रेक्टिफायरनंतर उरणारा लहरा, म्हणजे चढ-उतार, १२० चा. म्हणजे तो सपाट करणारा फिल्टर कपॅसिटर कमी पडतोय, हे पहिलीतलं उत्तर. कपॅसिटर दुप्पट केले, मग चौपट. ढिम्म फरक नाही. मग ४५ व्होल्टचा पुरवठाच काढून टाकला आणि ९ व्होल्टच्या पाच बॅटऱ्या एकीला एक जोडून लावल्या. आता लहरा असण्याची सोयच नव्हती. घरघर होतीच.

पुढचा आरोपी हीटर. या मांडणीत कॅथोड जमिनीला नसतो, तो कॉइलच्या फाट्यावर, म्हणजे रेडिओ-वारंवारतेच्या अंगावर बसलेला असतो. हीटर आणि कॅथोड यांच्यात जरा गळती असली की विजेची घरघर आत शिरते. हा दोष प्रसिद्ध आहे. हीटरलाही ६ व्होल्टची बॅटरी लावली. प्रक्षेपक आता विजेपासून पूर्ण सुटा. घरघर गेली! मी खूश. व्हॉल्व्ह गळका आहे असा निकाल दिला आणि दुसरा ६बीई६ मागवला. तो आला, विजेवर लावला, घरघर. तिसरा आला. तीच घरघर.

इथे मी जी चूक केली ती सांगण्यासारखी आहे. हीटरची गळती असती तर घरघर ६० हर्ट्झची आली असती. हीटरला तर थेट ट्रान्सफॉर्मरची वीज जाते, मध्ये रेक्टिफायर नाही. १२० यायला रेक्टिफायर लागतो, आणि बॅटरीवर चालवताना प्रक्षेपकात एकही रेक्टिफायर कामाला नव्हता. हा आकडा पहिल्या रात्रीपासून माझ्यासमोर होता. मी तो एकदा वापरला, कपॅसिटरवर संशय घ्यायला, आणि नंतर विसरलो.

दरम्यान कुणीतरी मला सल्ला दिला की प्लगची अर्थिंगची पिन काढून टाक, घरघर जाते. कधीकधी जाते खरी. तशी मग माणसंही जातात. हा सल्ला कुणी दिला तर चहा पाजून वाटेला लावावं.

तपास पुढे सरकवला आईने. तीन आठवडे ती रोज रात्री त्या घरघरीसकट बातम्या ऐकत होती, त्यामुळे घरघरीची तिच्याइतकी ओळख मला नव्हती. एक दिवस म्हणाली, "स्वयंपाकघरातला दिवा लावला की गिरणी जोरात चालते." मी हसण्यावारी नेलं. तिने उठून दिवा लावून दाखवला. घरघर वाढली. बंद केला, कमी झाली. मग जिन्यातला दिवा. मग माझ्या लॅपटॉपचा चार्जर. पण इस्त्री लावली तर काहीच नाही.

एलईडी दिवा, चार्जर: यांच्या पोटात रेक्टिफायर आहे. इस्त्रीत नाही.

मग मी जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. सेलवर चालणारा खिशातला ट्रान्झिस्टर घेऊन घरात फिरलो. खोलीच्या मधोमध, भिंतीपासून दूर: पुणे केंद्र स्वच्छ, घरघर जवळजवळ नाही. भिंतीतल्या स्विचबोर्डाजवळ: घरघर. आजोबांच्या रेडिओमागच्या वायरजवळ: घरघर उतू जातेय. अंगणात आलो, हिरवळीवर आवाज पडला, आणि रस्त्यावरच्या विजेच्या खांबाखाली परत चढला. तारेखालून चालत गल्लीच्या टोकापर्यंत गेलो. दीडशे-दोनशे मीटर. पुणे केंद्र बातम्या देतच होतं, घरघरीसकट, आणि एक बाई कुत्र्याला फिरवता फिरवता माझ्याकडे बघत होत्या.

तिथे उभ्या उभ्या सगळं लागलं. माझ्या तीन मीटरच्या अँटेनाला मी धड जमीन दिलीच नव्हती, म्हणून परतीचा प्रवाह विजेच्या वायरीतून येत होता. कॅथोड रेडिओ-वारंवारतेच्या अंगावर, हीटर त्याला चिकटून, हीटरची वायर ट्रान्सफॉर्मरला, ट्रान्सफॉर्मर भिंतीला. एवढ्या मार्गाने माझी लहर घरच्या वायरिंगमध्ये उतरत होती. बॅटरीवर चालवलं की हा रस्ता तुटत होता, म्हणून घरघर जात होती, आणि मी दोष व्हॉल्व्हला देत होतो. वायरिंगवर लटकलेला प्रत्येक रेक्टिफायर सेकंदाला १२० वेळा उघडझाप करत त्या लहरीला टोचण्या देत होता. सगळ्यात मोठा रेक्टिफायर तर आजोबांच्या रेडिओतच बसलेला, ईझेड८०. या प्रकाराला जुने दुरुस्तीवाले केंद्रावरची घरघर म्हणून वेगळं ओळखायचे: केंद्र लागलं तरच ऐकू येते, म्हणजे ती आवाजाच्या बाजूने आलेली नाही, लहरीवर स्वार होऊन आलेली आहे. पहिल्या रात्री काटा हलवताच घरघर गायब झाली होती. उत्तर तेव्हाच हातात होतं.

म्हणजे प्रक्षेपण माझी तार करतच नव्हती. घर करत होतं, आणि घराला जोडलेली गल्ली. नियमातल्या तीन मीटरचा अर्थही तिथेच धुऊन गेला होता.

उपाय एका संध्याकाळचा होता. हीटरच्या दोन्ही पायांवरून चॅसीला ०.०१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर, पाय जेवढे आखूड ठेवता येतील तेवढे. पुरवठ्यातल्या चारही डायोडवर तसेच एकेक. विजेची संपूर्ण वायर, अर्थिंगसकट, एका मोठ्या फेराइटच्या कड्यातून बारा वेढे. यात अर्थिंग तुटत नाही, फक्त लहरीची वाट अडते. मध्यम लहरींना कड्यातून एक-दोन वेढे घेऊन भागत नाही, बारा लागतात आणि वायर लांब घ्यावी लागते. आणि लहरीला परतीची आपली अशी वाट: प्रक्षेपकाच्या फळीखाली ६० बाय ९० सेंटिमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा, त्याला अर्ध्या मीटरची तार. अँटेना २.४, जमिनीची तार ०.५, एकूण २.९ मीटर. तो पत्रा जमीन मानायचा की अँटेनाचाच भाग, यावर वाद घालता येईल. मी तो जमीन मानतो.

आजोबांच्या रेडिओला हात लावायचा की नाही यावर दोन दिवस गेले. शेवटी ईझेड८० च्या दोन्ही प्लेटवरून चॅसीला २ किलोव्होल्ट सोसणारे दोन छोटे कपॅसिटर लावले. तिथे व्होल्टेज शेकड्यांत जातं, साधा कपॅसिटर फुटेल. आतल्या बाजूला, काढले तर खूण राहणार नाही असे.

घरघर गेली. खांबाखालचा आवाजही गेला. आता खिशातला ट्रान्झिस्टर घेऊन निघालं तर पुणे केंद्र अंगण ओलांडून साधारण तीस मीटरवर, रस्त्याच्या पलीकडच्या कडेला विरून जातं. इतकी मेहनत करून केंद्राचा पल्ला दोनशे मीटरवरून तीसवर आणलेला दुसरा इंजिनिअर मला माहीत नाही.

रात्रीची शिट्टी

घरघर गेल्यावर तिच्याखाली दडलेली एक शिट्टी वर आली. दिवसा अजिबात नाही, अंधार पडला की बारीक, आणि ९.३५ ला नेमकी बातम्यांच्या बाईंच्या सुरात.

हिचं कारण मात्र मी लगेच ओळखलं. एक प्रकरण अंगावर घेतल्याचा फायदा. मध्यम लहरी दिवसा जमिनीलगत चालतात, रात्री वरच्या आयनांच्या थरावरून परतून शेकडो किलोमीटर लांब पोचतात. दिवसा रिकामं असलेलं १५८० रात्री रिकामं नसतं. दूरचं केंद्र नेमकं १५८० वर, माझं ३०० हर्ट्झ इकडे किंवा तिकडे, की दोघांमधलं अंतर ३०० हर्ट्झची शिट्टी होऊन ऐकू येतं. आणि माझं केंद्र जागेवर राहत नव्हतं. पहिल्या अर्ध्या तासात ते तीन किलोहर्ट्झ सरकायचं, त्यामुळे शिट्टी एक सूर धरून न राहता मींड घेत खाली उतरायची. कॉइलजवळचा साधा सिरॅमिक कपॅसिटर व्हॉल्व्हच्या उबेने बदलत होता. तिथे चांदी-अभ्रकाचा लावला आणि व्हॉल्व्हपासून जरा दूर नेला. सरकणं काही शे हर्ट्झवर आलं. शिवाय नऊ वाजताच चालू करून ठेवायचं, आजोबांच्या रेडिओलाही तापायला वेळ लागतोच.

शिट्टी संपूर्ण घालवायची तर १६१० च्या वर जायला हवं, तिथे केंद्रं विरळ आहेत. पण आजोबांच्या रेडिओची पट्टी १६०० च्या आसपास संपते. आतले ट्रिमर फिरवून ती ताणता आली असती. मी ते केलं नाही. पट्टीवरची कुठली खूण कुठे लागते हे आजोबांनी पेन्सिलीने काचेच्या कडेला लिहून ठेवलंय, आणि ट्रिमर हलले की ते सगळं खोटं पडणार. त्याऐवजी प्रक्षेपक तळघरातून दिवाणखान्यात आणला, रेडिओपासून दोन मीटरवर. जवळचं केंद्र पुरेसं जोरात असलं की दूरच्याची शिट्टी त्याच्याखाली दबते. अजून ती असते, थंडीत जास्त, पण ऐकायचीच म्हटलं तर ऐकू येते. नियमात लिहिलंय की दुसऱ्याचा त्रास सोसायचा. सोसतोय.

आवाजाबद्दल एक गोष्ट मला अपेक्षित नव्हती. फोनचा आवाज जास्त चढवला की तिसरं जाळं ८० टक्के मॉड्युलेशनच्या पुढे फाटायला लागतं, ऑसिलोस्कोपवर लहरीचे खांदे चपटे होतात. म्हणून आवाज कमी ठेवला. त्यातून पाच किलोहर्ट्झच्या वरचं सगळं कापलं जातं. तोच प्रवाह हेडफोनवर ऐकला तर बातम्या देणारी बाई कुठल्याशा बंद खोलीत बसल्यासारखी वाटते. या रेडिओतून ती साताऱ्याच्या माजघरात असते. हे मी आईकडून ऐकलं आणि मग माझ्याही कानांना पटलं.

आता रोज रात्री नऊला आई स्वतःच दोन्ही बटणं लावते. आधी प्रक्षेपक, मग रेडिओ. पट्टीवर १९० च्या जागी आजोबांच्या पेन्सिलीशेजारी तिने पेनाने बारीक अक्षरांत 'पुणे' लिहिलंय, ७९२ पासून लांब, दुसऱ्याच टोकाला. फक्त एक भांडण चालू आहे. साताऱ्यात ती घड्याळ रेडिओवर लावायची, इथेही तेच करते. मी तिला सांगितलं की पुण्याहून निघालेला आवाज इंटरनेटवरून यायला पाऊण-एक मिनिट घेतो, त्यामुळे घड्याळ तेवढं मागे पडतं.

"मग बातम्याही पाऊण मिनिट शिळ्या?" तिने विचारलं.

"हो."

"आणि तुझं ते यंत्र किती वेळ घेतं?"

"काहीच नाही. लगेच."

तिने घड्याळ पाऊण मिनिट पुढे केलं आणि रेडिओवरचं कापड नीट ओढून घेतलं.